दाजींच्या गळ्यातला उजेड

सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांत मिळून आजवर जेवढं बोललं गेलं असेल, त्यातला निम्मा वाटा एकट्या माझ्या दाजींचा आहे. उरलेल्या निम्म्यात आपण बाकीचे सगळे आलो: पुढारी, वकील, एस्टीचे कंडक्टर, लग्नं जुळवणारे मध्यस्थ आणि माझ्या सासूबाई. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. पलूसच्या अलीकडे त्यांचं गाव. दोन एकर ऊस, एक म्हैस आणि एक माइक एवढी इस्टेट. ऊस भाऊबंदांच्या भरवशावर वाढतो, म्हैस आक्काच्या भरवशावर दूध देते, आणि माइक मात्र दाजी स्वतः पुसून कपाटात ठेवतात, कारण जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात निवेदन करणं हेच त्यांचं खरं काम. हलगी कडाडली, दोन पैलवानांनी एकमेकांच्या अंगावर माती टाकली, की कर्ण्यातून "आला, आला, पटात शिरला, आता बघा मंडळी, ढाक लागतीय का न्हाई" असा जो आवाज निघतो, तो आमच्या दाजींचा. त्या आवाजानं गुडघे दुखणारी माणसं बांधावर उभी राहतात. मैदानाबाहेर लावलेली एक मोटारसायकल त्या आवाजानं स्टँडवरून घसरून पडलेली मी स्वतः पाहिली आहे. दाजींच्या हिशेबानं दोन पडल्या होत्या.

हा आवाज मैदानापुरता राहिला असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण दाजींना जे जे डोळ्यांना दिसतं, त्या प्रत्येकाचं निवेदन करावंच लागतं. आक्का भाकरी थापायला बसली की हे चुलीपाशी पाट ओढून बसणार आणि सुरू: भाकरी परातीतून उठली, तव्यावर उतरली, पाणी फिरलं, पालथी पडली, आणि आता निखाऱ्यावर दम धरून उभी आहे. आक्का ह्या सगळ्याला एकच उत्तर देते. उलथनं दाखवते. माझ्या स्वतःच्या लग्नात, अंतरपाट धरलेला, भटजी एका मंगलाष्टकेनंतर श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात माझ्या मागून दाजींचा आवाज आला की दोन्ही बाजू तयारीच्या आहेत, नवरदेव खडाखडीच्या पवित्र्यात दिसतो, पण नवरी अनुभवी वाटते. मांडवात एकदम टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणजे मुहूर्त झाला, असं समजून वाजंत्रीवाल्यांनी ताशा सुरू केला, अक्षता पडल्या आणि माझं लग्न ठरल्या वेळेच्या सव्वा मिनिट आधी लागलं. आमच्या घरात आजपर्यंत झालेल्या प्रत्येक भांडणाचं मूळ माझी बायको त्या सव्वा मिनिटात शोधते.

आणि त्यांना प्रसंगाचं भान नाही असंही म्हणता येत नाही. प्रसंग दुःखाचा असेल तर ते हळू आवाजात निवेदन करतात. माझ्या चुलत्यांच्या दहाव्याला आम्ही सगळे कृष्णेच्या घाटावर खाली माना घालून उभे होतो. पिंड ठेवलेला, कावळा समोरच्या उंबरावर, आणि अर्धा तास झाला तरी तो जागचा हलेना. पोटात भूक, डोक्यावर ऊन. तेवढ्यात माझ्या कानाशी कुजबुज सुरू झाली: "काळा गडी ताकदीचा हाय, पण अजून अंदाज घ्याया लागलाय. मान वळिवली. पंख सोडलं. उतरला, उतरला." आणि कावळा खरंच उतरला हो. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. चुलती रडता रडता पदराआड हसली ती हसलीच.

अशा माणसाच्या घशालाच नेमका आजार व्हावा, ह्याला काय म्हणायचं? दोन वर्षांपूर्वी आवाज बसला. दाजींनी आधी माइकवर संशय घेतला, मग कर्णेवाल्यावर, मग थंडीवर. ज्येष्ठमध चघळून झाला, हळदीचं दूध पिऊन म्हैस आटायची वेळ आली. शेवटी आक्कानं त्यांना मिरजेला नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तर स्वरयंत्रावर कॅन्सरची गाठ. लवकर सापडली होती म्हणून ऑपरेशन न करता किरणांच्या उपचारावर भागलं. रोज पलूसहून मिरज आणि मिरजेहून पलूस, असं दाजींनी जवळजवळ दोन महिने केलं. आवाज वाचला. पूर्वीसारखा नाही, मडक्यात खडे घालून हलवल्यासारखा, पण वाचला, आणि पुढच्या हंगामात ते पुन्हा मैदानात उभे राहिले. लोकांनी त्या आवाजालाही टाळ्या दिल्या. खरं सांगायचं तर खड्यांमुळे तो जरा जास्तच मर्दानी वाटायचा.

मग ह्या साली दिवाळीनंतर खडे वाढले. शब्द मधूनच तुटायला लागला. डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की एका बाजूला फुगवटा आहे, स्कॅन करून घ्या. दाजी तेव्हा माझ्याकडे साताऱ्याला आले होते, म्हणून सी. टी. स्कॅन मी साताऱ्यातच करवून घेतला. त्या मशीनमध्ये आधीच भरून ठेवलेला एक आवाज असतो, श्वास घ्या, श्वास रोखा, आता सोडा, असं सांगणारा. दाजी बाहेर आले ते तपासणीबद्दल चकार शब्द न काढता त्या आवाजाबद्दल बोलत. उच्चार स्वच्छ आहेत, म्हणाले, पण बोलण्यात जीव नाही. श्वास रोखायला सांगताना ऐकणाऱ्याचा श्वास आपण होऊन रोखला गेला पाहिजे. रिपोर्ट आला त्यात लिहिलं होतं की सूज असू शकेल, किरणांचा वण असू शकेल, गाठही असू शकेल. दाजी भडकले. निकाली कुस्ती लावायची म्हणून बोलावलं आणि पंचांनी बरोबरीत सोडवली, असं त्यांचं म्हणणं. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीवर दाजी जेवत नाहीत. त्या दिवशीही जेवले नाहीत.

मिरजेच्या डॉक्टरांनी मात्र सगळं समजावून सांगितलं. मोठा शांत माणूस. म्हणाले, सी. टी. स्कॅन हा आकार बघतो. किरण दिलेल्या जागी आतलं मांस जाड होतं, आणि जाड झालेला वण काय, नवी गाठ काय, आकारानं सारखीच दिसतात. तुकडा काढून बघावा तर किरण खाल्लेला घसा लवकर भरून येत नाही, म्हणून उगीच जखम करायची नाही. आता पेट स्कॅन करू. तो आकारासोबत भूक बघतो. साखरेसारख्या एका औषधाला थोडासा किरण देणारा पदार्थ जोडतात आणि ते शिरेतून सोडतात. कॅन्सरच्या पेशी हावरट असतात, त्या ती साखर ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. वणाला भूक नसते, तो अंधारातच राहतो.

दाजींनी हे सगळं मान डोलवत ऐकलं आणि एकच शंका विचारली: साखर कुठल्या कारखान्याची? डॉक्टर म्हणाले, कारखान्याची नाही, बाहेरून येते. दाजींचा चेहरा पडला. आयुष्यभर ऊस घालून, अंगात जायची वेळ आली तेव्हा बाहेरची साखर, ही गोष्ट त्यांनी पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगितली.

स्कॅनच्या दिवशी मी साताऱ्याहून गाडी घेऊन गेलो आणि दाजी-आक्काला मिरजेला नेलं. इंजेक्शन दिल्यावर तासभर एका खोलीत आरामखुर्चीत पडून राहायचं असतं, साखर अंगात भिनेपर्यंत. तिथल्या मुलीनं, म्हणजे मशीनवर काम करणाऱ्या टेक्निशियननं, दाजींना बजावलं की काका, ह्या तासात बोलायचं नाही, चघळायचं नाही, गुणगुणायचंही नाही. दाजींनी तिला छातीवर हात ठेवून शब्द दिला. आक्का माझ्याकडे बघून हसली. आम्ही बाहेर बसलो. तास झाला, स्कॅन झाला, दाजी हसतमुखानं बाहेर आले, आणि आता अंगातून किरण निघतात म्हणून आजचा दिवस लहान पोरांपासून लांब राहायचं, ही सूचना त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितली की जणू त्यांना बंदूक बाळगायचा परवाना मिळाला होता. गावी गेल्यावर ते गोठ्याच्या पलीकडे खाट टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथूनच ओरडून सांगत राहिले की जवळ येऊ नका, मी चालू आहे.

चार दिवसांनी आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. दाजींचं सबंध मुंडकं आणि मान, आतून, काळीकरडी, आणि गळ्याच्या मधोमध एक पिवळा-तांबडा ठिपका, देव्हाऱ्यातल्या समईसारखा जळणारा. नेमका जिथं फुगवटा होता तिथंच. डॉक्टरांनी विचारलं, "इंजेक्शननंतर त्या तासात तुम्ही बोलला होतात का?"

"एक शब्द न्हाई," दाजी म्हणाले.

डॉक्टरांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले की एवढ्यासाठी विचारलं, माणूस बोलला तर स्वरयंत्राचे स्नायू राबतात, राबले की साखर खातात, आणि तेही असेच उजळतात. पण तुम्ही बोलला नसाल, तर मग हा उजेड आजाराचाच धरावा लागेल. त्या जागी पुन्हा किरण देता येत नाहीत. तुकडा काढून खात्री करू, पण तयारी ठेवा, ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागेल, आणि श्वासासाठी मानेत एक भोक ठेवावं लागेल. आक्कानं माझा हात धरला. दाजींनी फक्त बोटानं स्वतःच्या गळ्याकडे दाखवलं आणि विचारलं, "आनि आवाज?" डॉक्टरांनी मान हलवली. वेगळ्या प्रकारे बोलायला शिकवतात, म्हणाले, पण हा आवाज राहणार नाही.

खाली येऊन आम्ही समोरच्या टपरीवर चहा सांगितला. चहा आला आणि दाजींनी त्याचं निवेदन केलं नाही. कपात माशी पडली, पोहली, काठाला लागली, उडून गेली, तरी दाजी गप्प. आक्का भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी ऑपरेशन कधी, कुठं, असलं काहीतरी पुटपुटत होतो. तेवढ्यात एक उंच, हाडापेरानं दांडगा म्हातारा, कान मोडलेला, म्हणजे जुना पैलवान, हातात रिपोर्टाचं पाकीट घेऊन आला आणि त्यानं सरळ दाजींच्या पायाला हात लावला. दाजी त्याला डोळ्यांनी खुणावू लागले. गप रे, जा रे, असं. पण म्हातारा आटपाडीकडचा, मोकळ्या मनाचा, तो माझ्याकडे वळून सांगायला लागला.

"पावणं, ह्यो मानूस देव हाय बघा. सुई टोचल्यावर मी त्या खोलीत बसलो व्हतो आनि मला धडकीच भरली. म्हनलं आटपाडीची एस्टी धरावी आनि जावं घरी. तर शेजारच्या खुर्चीतनं ह्यांनी कानात कुस्ती सांगाया सुरवात क्येली. माझीच कुस्ती, पंचवीस वर्सामागची. डावन् डाव ध्यानात. तासभर सांगितली गड्या, मी मशीनमदी कवा शिरलो आनि कवा भायेर आलो कळलं न्हाई."

आक्कानं भिंतीकडचं तोंड फिरवलं. मग मी विचारलं, तासभर? म्हातारा म्हणाला, पुरता तासभर. ती मुलगी दोनदा डोकावली, तेव्हा बुटाचा आवाज आला की हे डोळे मिटून घोरल्यासारखं करायचे, आणि ती गेली की ढाकेचा डाव जिथं राहिला होता तिथून पुढं.

मी दाजींकडे बघितलं. दाजी कपाच्या दांडीकडे बघत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती मुलगी फाईल घेऊन दारात उभी होती, आणि तिला तर छातीवर हात ठेवून शब्द दिलेला. म्हणून तोंडातून "न्हाई" निघून गेलं. डॉक्टरांनी बोलण्याचं कारण नंतर सांगितलं, पण तोवर दाजींचा निकाल जाहीर झाला होता, आणि मैदानातला त्यांचा नियम असा की एकदा निकाल माइकवरून जाहीर केला की फिरवायचा नाही, लोक दगड मारतात. हा नियम इतकी वर्षं पाळलेला, तो डॉक्टरांपुढे मोडायचा कसा, ह्याचा ते जिना उतरताना विचार करत होते. म्हणजे बघा, माणूस गळा कापून द्यायला निघाला होता, पण जाहीर झालेला निकाल फिरवायला त्याची जीभ उचलत नव्हती.

आक्का उठली. तिच्या हातात कापडी पिशवी होती, तिच्यात दाजींचे जुने-नवे सगळे रिपोर्ट. त्या पिशवीनं तिनं भर रस्त्यात दाजींना पाठीवर तीन रट्टे घातले, आणि मग तिथल्या बाकड्यावर बसून हसता हसता रडायला लागली. "आवं, चाळीस वर्सं खरं खरं बोलून माजं डोकं खाल्लंत," ती म्हणाली, "आनि जल्मात एकदा खोटं बोललात, त्येबी न्हाई बोललो म्हनून." आटपाडीच्या पैलवानाला काय झालं ते कळलं नाही, पण त्यानं तिच्यासाठी पाणी आणलं.

मी दाजींना दंडाला धरून पुन्हा जिना चढवला. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि तरी त्यांना हसू आवरेना. नुसती बडबड होती की निवेदन, असं त्यांनी विचारलं. निवेदन, दाजी म्हणाले, पण कुजबुजून. कुजबुजून तर आणखीच जोर लागतो, डॉक्टर म्हणाले. मग ते गंभीर झाले. ह्याचा अर्थ आजार नाही असा नाही, म्हणाले. उजेड बोलण्याचाही असेल, आजाराचाही असेल, दोन्हींचा मिळूनही असेल. तीन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करू आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून बघू. तेव्हा ठिपका तसाच राहिला, तर तुकडा, आणि मग ऑपरेशन. फक्त ह्या खेपेला तो एक तास तुम्ही खरंच गप्प बसायचं.

आता खरी पंचाईत. गळा वाचवायचा तर एक तास गप्प बसायला हवं, आणि दाजी जन्मल्यापासून सलग एक तास गप्प बसल्याची नोंद नव्हती. झोपेतसुद्धा ते लढती लावतात. पण दाजी कसलेले. म्हणाले, मेहनत केली की जमतं, रोज जोर वाढवत न्यायचा. अंगणात खुर्ची टाकली, आक्का मोबाइलवर वेळ लावून समोर बसली, आणि गप्प बसण्याची तालीम सुरू झाली. पहिल्या दिवशी पाच मिनिटांचा डाव होता. चार मिनिटं झाल्यावर दाजींनी उत्साहानं जाहीर केलं की चार मिनिटं झाली. दुसऱ्या दिवशी सात मिनिटं टिकले, आणि शेजारणीची कोंबडी कुंपणातून आत शिरली तेव्हा गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी टॉवेल हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली, दाढ दुखणाऱ्या माणसासारखी. तोंड बंद राहिलं, पण हात सुटले. पोरं विटीदांडू खेळत होती त्याचं निवेदन त्यांनी दोन्ही हातांनी, भुवयांनी आणि एका पायानं केलं. बघायला गर्दी जमली.

चौथ्या-पाचव्या दिवशी गावात बोलवा झाली की दाजींनी मौन धरलं आहे. एका म्हातारीनं येऊन त्यांच्या पुढ्यात नारळ ठेवला आणि हात जोडून विचारलं की नातवाचं लग्न कधी जमेल. दाजींना उत्तर ठाऊक होतं, कारण त्या नातवाबद्दल त्यांचं मत फार जुनं आणि सविस्तर होतं. ते ओठ मिटून, घामाघूम होऊन बसून राहिले. म्हातारी प्रसन्न होऊन गेली. दाजी आत येऊन पाणी प्यायले आणि टॉवेल सोडून म्हणाले, "लय अवघड हाय गं ह्ये. साधू लोकास्नी मानलं पायजे."

दुसरा आठवडा संपता संपता ते पन्नास मिनिटांवर पोचले. मी रविवारी बघायला गेलो होतो. दाजी अंगणात डोळे मिटून, टॉवेल बांधून बसलेले. घरात कुणी काही बोलत नव्हतं. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती तेवढाच आवाज. स्वयंपाकघरात आक्का भाकऱ्या करत होती, आणि मी दारात उभा होतो हे तिला माहीत नव्हतं. परातीतली भाकरी तिनं उचलली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आनि ही फुगली." मी पाय न वाजवता मागे फिरलो आणि अंगणात जाऊन उगीच दाजींचा मोबाइल बघत बसलो. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती.

स्कॅनचा दिवस आला. त्या मुलीनं ह्या खेपेला दाजींकडून शब्द घेतला नाही. दार उघडं ठेवलं. आक्का आणि मी बाहेर. दर पाच मिनिटांनी आक्का मला विचारायची, काही ऐकू येतंय का? मी म्हणायचो, नाही. मग ती नमस्कार करायची. देवाकडे लोक काय काय मागतात. आम्ही त्या दिवशी दाजी ऐकू न येण्याचं मागत होतो. तास भरला. दाजी चालत मशीनकडे गेले, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, ओठ असे मिटलेले की मिशा खाली वळल्या होत्या. बाहेर आल्यावर मी म्हणालो, दाजी, आता बोलला तरी चालेल. ते बोलले नाहीत. मिरज ते पलूस, सगळा रस्ता नाही. एस्टी आमच्या गाडीला घासून पुढे गेली, उसाचा एक ट्रॅक्टर नाल्याच्या कडेला कलला होता, एरवी अर्धा तास पुरेल एवढा ऐवज. दाजी खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी तो आवाज राखून ठेवला होता की त्याच्याशिवाय राहून बघत होते, मला विचारवलं नाही.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. डावीकडे जुनं, समईवालं. उजवीकडे नवं. मी उजवीकडे बघायच्या आधी आक्काकडे बघितलं, तिनं डोळे मिटले होते, म्हणून मलाच बघावं लागलं. गळ्यात अंधार होता. चांगला दाट, काळाभोर, निर्मळ अंधार. डॉक्टरांनी चित्र पुढे सरकवलं, मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं, आणि म्हणाले, "गळ्यात काही नाही. तो वणच आहे. आजार परत आलेला नाही." मग चित्र खाली हातापर्यंत सरकवून म्हणाले, "पण तुमच्या उजव्या हाताच्या मनगटापाशी थोडं उजळलंय. काय करत होता?"

दाजींनी सांगितलं की शेजारच्या खुर्चीत एक बाई होत्या, फार थरथरत होत्या, बोलायची तर सोय नव्हती, म्हणून त्यांचा हात धरून बसलो. जरा घट्ट. तासभर.

डॉक्टरांनी पुढची तपासणी कधी ते लिहिलं, आवाज जपा, ओरडू नका, मैदानात एखाद-दुसरीच कुस्ती सांगा, असं सांगितलं. वण तसाच राहणार, म्हणाले, आवाज आता चढायचा नाही. आम्ही उठलो. आक्का दारापर्यंत पोचलीसुद्धा. दाजी मात्र उठले नाहीत. ते डावीकडच्या चित्राकडे बघत होते. म्हणाले, डॉक्टर, ह्या जुन्या चित्राची फिल्म मला द्या. डॉक्टर म्हणाले, घ्या की, तुमचीच आहे, पण आता ती काही कामाची नाही, चुकून उजळलेली आहे.

दाजी त्या पिवळ्या-तांबड्या ठिपक्याजवळ बोट नेऊन म्हणाले, "चुकून न्हाई, सायेब. ह्यो माजा आवाज हाय. आजपातूर नुसता ऐकला व्हता. दिसतो कसा, ते आत्ता बघितलं."

ती फिल्म त्यांनी पलूसमध्ये चौकट करून घेतली. सोप्यात पैलवानांचे फोटो आहेत, मानाच्या गदेसोबतचे, फेटे बांधलेले, त्यांच्या रांगेत ती लावली आहे. ह्या हंगामात दाजी मैदानात जातात, पहिली कुस्ती सांगतात, मग माइक दुसऱ्याच्या हातात देऊन खाली बसतात. घरी कुणी आलं आणि त्या काळ्या चित्राबद्दल विचारलं, तर ते त्याला समोर उभं करून सगळं सांगतात. कुठला डाव सांगताना किती उजेड पडला असेल तेही सांगतात. पण दहा मिनिटांत आवाज बसतो, आणि मग ते नुसतं बोटानं दाखवतात: हितं.

मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा सकाळी आक्का फोटो पुसत होती. दाजींच्या फिल्मकडे बघून मी गमतीनं म्हणालो, हा कशाला लावू दिलास गं? ती म्हणाली, "ह्यो एकलाच बोलतोय आनि ऐकू येत न्हाई, म्हनून." आणि पुसत पुढे गेली. पैलवानांच्या फोटोंवरून तिनं भराभरा फडकं फिरवलं. त्या चौकटीपाशी आली तेव्हा फडकं खांद्यावर टाकलं, आणि ती काच तिनं पदरानं पुसली.